फार्मासिस्टची परीक्षा दुसऱ्यांदा देताना

सिल्वासात औषध तयारही होतं आणि विकलंही जातं. सिल्वासा आणि दादराच्या औद्योगिक पट्ट्यात सन फार्मासारख्या कंपन्यांचे कारखाने आहेत. सायलीला एसएसआर फार्मसी कॉलेज आहे. शहरात श्री विनोबा भावे नागरी रुग्णालय आहे आणि त्याच्या जोडीला नमो वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्था आहे. खानवेल, दुधनीच्या पाड्यांवरून वारली, कोकणा, धोडिया कुटुंबं उपचारासाठी सिल्वासात येतात, पालघर जिल्ह्याच्या सीमेवरच्या गावांतूनही येतात. अशा ठिकाणी बारावी सायन्स झालेल्या मुलामुलींना डी.फार्म आपलं वाटतं. दोन वर्षांत पदविका, मग एखाद्या रुग्णालयात नोकरी किंवा गावातच स्वतःचं मेडिकल, असा तो सरळ रस्ता.

या रस्त्यावर आता एक परीक्षा आली आहे. भारतीय फार्मसी परिषदेने २०२२ मध्ये तिचे नियम अधिसूचित केले आणि ३ ते ५ ऑक्टोबर २०२४ या काळात ती पहिल्यांदा झाली. नाव आहे डिप्लोमा इन फार्मसी एक्झिट एक्झामिनेशन. नीट-पीजी घेणारं राष्ट्रीय आयुर्विज्ञान परीक्षा मंडळच ही परीक्षा घेतं. नियमांची रचना अशी की कॉलेजची पदविका हाती असली तरी फार्मासिस्ट म्हणून नोंदणी होण्यासाठी ही परीक्षा पार करावी लागते.

हे प्रकरण आहे ज्यांची ही परीक्षा एकदा हुकली त्यांच्यासाठी. नापास झालेला विद्यार्थी बहुतेक वेळा एकच करतो : काही दिवस पुस्तकाकडे पाहत नाही, मग एक दिवस निश्चय करून फार्मास्युटिक्सचं पहिलं पान उघडतो आणि सगळं नव्याने वाचायला लागतो. मेहनत प्रामाणिक असते, दिशा चुकते. दुसऱ्या प्रयत्नाची तयारी पुस्तकापासून सुरू करायची नसते, आपल्या चुकांपासून सुरू करायची असते. त्या कशा शोधायच्या आणि त्यांचं काय करायचं, ते पुढे पाहू.

परीक्षेचा नियमच अभ्यासक्रम ठरवतो

परीक्षेत तीन पेपर असतात. पहिल्यात फार्मास्युटिक्स, फार्माकोलॉजी आणि फार्माकोग्नोसी. दुसऱ्यात फार्मास्युटिकल केमिस्ट्री, बायोकेमिस्ट्री, क्लिनिकल पॅथॉलॉजी आणि हॉस्पिटल व क्लिनिकल फार्मसी. तिसऱ्यात फार्मसीविषयक कायदे आणि औषध दुकानाचं व्यवस्थापन. प्रश्न बहुपर्यायी असतात आणि इंग्रजीत असतात. किती वेळा बसायचं यावर बंधन नाही. पण उत्तीर्ण होण्यासाठी प्रत्येक पेपरमध्ये स्वतंत्रपणे किमान ५० टक्के गुण लागतात आणि तेही तिन्ही पेपरमध्ये एकाच प्रयत्नात.

या शेवटच्या वाक्याचा हिशेब मांडून बघा. समजा एका विद्यार्थिनीला पहिल्या पेपरात ६१ टक्के, दुसऱ्यात ५७ आणि तिसऱ्यात ४६ मिळाले. सरासरी जवळजवळ ५५. दुसऱ्या एकीला ५०, ५१ आणि ५०. सरासरी ५०च्या जरा वर. पहिली नापास, दुसरी पास. पहिल्या पेपरातले जादा ११ टक्के तिसऱ्या पेपरात वळते होत नाहीत. पुढच्या वेळी पहिल्या मुलीला फक्त तिसरा पेपर देऊनही चालणार नाही, तिन्ही पुन्हा द्यावे लागतील. कॉलेजात एटीकेटीची सवय झालेल्यांना, म्हणजे राहिलेला विषय तेवढा सोडवून मोकळं होणाऱ्यांना, हे सर्वांत जड जातं.

यावरून दोन गोष्टी ठरतात. एक, सगळ्यात कच्च्या पेपरला अभ्यासाचा साधारण निम्मा वेळ द्यायचा, कारण निकाल त्याच्यावर अडलेला आहे. दोन, पास झालेले पेपर बाजूला टाकायचे नाहीत. ते पुन्हा द्यायचे आहेत आणि सहा महिने हात न लावलेला विषय ५७वरून ४८वर सहज घसरतो. उरलेला निम्मा वेळ या दोन पेपरांना ताजं ठेवण्यासाठी.

आणखी एक व्यावहारिक अडचण. २०२० च्या नियमावलीनुसार डी.फार्म केलेल्यांच्या पुस्तकांवरची नावं वेगळी आहेत : फार्मसी लॉ अँड एथिक्स, कम्युनिटी फार्मसी अँड मॅनेजमेंट, फार्माकोथेरप्युटिक्स, सोशल फार्मसी, ह्यूमन अॅनाटॉमी अँड फिजिऑलॉजी. परीक्षेच्या नियमांतली विषयांची नावं मात्र आधीच्या अभ्यासक्रमाच्या वळणाची आहेत. म्हणून सुरुवातीलाच एका कागदावर तीन रकाने आखावेत आणि आपल्या प्रत्येक पुस्तकातला कोणता धडा कोणत्या पेपरखाली येतो ते लिहून काढावं. औषध दुकानाचं व्यवस्थापन म्हटलं की कम्युनिटी फार्मसीतले खरेदी, साठा, मुदत संपलेला माल, हिशेब हे धडे. हे काम एका संध्याकाळचं आहे. त्यात अनेकांना पहिल्यांदाच कळतं की तिसऱ्या पेपरचे काही धडे आपण कधी उघडलेच नव्हते.

चुका चार प्रकारच्या असतात

सराव प्रश्नांचा एखादा चांगला संच घ्या आणि प्रत्येक पेपरचे निदान शंभर प्रश्न घड्याळ लावून सोडवा. उत्तर लिहिताना शेजारी एक खूण करा : खात्री, अंदाज किंवा माहीत नाही. नंतर तपासा. चुकलेले प्रश्न वहीत उतरवताना त्यांचे चार गट पाडा.

पहिला गट, मुळात वाचलंच नव्हतं. दुसरा, वाचलं होतं पण आठवलं नाही. तिसरा, येत होतं पण प्रश्न नीट वाचला नाही : प्रश्नात ‘नॉट’ किंवा ‘एक्सेप्ट’ होतं ते नजरेतून सुटलं, किंवा ‘इंडिकेशन’ विचारलं होतं ते ‘काँट्राइंडिकेशन’ समजून उत्तर दिलं. चौथा, खात्रीची खूण करूनही चुकलेले.

गटागणिक उपाय वेगळा. पहिल्या गटासाठी वाचन लागतं. दुसऱ्यासाठी वाचन नको, आठवण्याचा सराव हवा. तिसऱ्यासाठी वाचनाची सवय बदलावी लागते. दहावीपर्यंत मराठी किंवा गुजराती माध्यमात शिकलेल्या मुलांचा हा गट मोठा असतो आणि त्याला ‘माझं इंग्रजी कच्चं आहे’ एवढंच उत्तर पुरत नाही. प्रश्नातला नकार आणि प्रश्नाचं क्रियापद आधी पेन्सिलीने अधोरेखित करायचं, मगच पर्याय बघायचे, ही सवय महिनाभर लावली की हा गट झपाट्याने आटतो. परीक्षेत पेन्सिल नसली तरी नजरेला ती सवय राहते.

चौथ्या गटाकडे सर्वांत जास्त लक्ष द्या. ज्याला माहीत नसतं तो विचारतो, पुस्तक बघतो. ज्याला खात्री असते तो विचारत नाही, औषध हातात देऊन मोकळा होतो. म्हणून खात्रीने चुकलेला प्रश्न हा काउंटरवरचा खरा धोका आहे. दिलासा देणारी गोष्ट अशी की हीच चूक सर्वांत लवकर सुधारते. कोलंबिया विद्यापीठातल्या ब्रॅडी बटरफील्ड आणि जॅनेट मेटकाफ यांनी २००१ मध्ये दाखवलं, की ज्या उत्तराबद्दल माणसाला फार खात्री होती ते चूक असल्याचं कळल्यावर बरोबर उत्तर त्याच्या मनात जास्त पक्कं बसतं. आश्चर्याचा धक्का लक्ष वेधून घेतो. अट एकच, चूक तपासली गेली पाहिजे. नापास झालेला विद्यार्थी लाजेने चुकांकडे पाहत नाही, तेव्हा तो आपला सर्वांत उपयोगी धडा टाकून देत असतो.

पुन्हा वाचणं आणि पुन्हा आठवणं

धडा चौथ्यांदा वाचताना सगळं ओळखीचं वाटतं. ओळखीचं वाटणं म्हणजे येणं नव्हे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये हा फरक मोजला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा चार वेळा अभ्यासला. इतरांनी तो एकदाच अभ्यासला आणि नंतर तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वारंवार वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर चित्र उलटं झालं : वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के मजकूर आठवला, आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. परीक्षा पाच मिनिटांनी नसते, महिन्यांनी असते.

म्हणून अभ्यासाचा क्रम असा ठेवा. धडा एकदा लक्षपूर्वक वाचा. पुस्तक मिटा. कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहा. मग उघडून काय राहिलं ते लाल पेनाने भरा. तोच धडा दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने आणि मग तीन आठवड्यांनी असाच, आधी आठवून. दर वेळी लाल शाई कमी होत गेली पाहिजे. जिथे कमी होत नाही तो भाग कच्चा.

दुसरी सवय विषय मिसळण्याची. डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये विद्यार्थ्यांना घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. एका गटाने एका प्रकारची सगळी गणितं ओळीने सोडवली, दुसऱ्याने सर्व प्रकार मिसळून. सराव करताना ओळीने सोडवणाऱ्यांची ८९ टक्के उत्तरं बरोबर आली, मिसळून सोडवणाऱ्यांची ६० टक्के. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा पहिला गट २० टक्क्यांवर आला आणि दुसरा ६३ टक्क्यांवर राहिला. ओळीने सोडवताना कोणतं सूत्र लावायचं हे आधीच ठाऊक असतं. परीक्षेत नेमकं तेच ओळखायचं असतं. दिवसभर एकच विषय रगडून रात्री समाधानाने झोपणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. मिसळून केलेला सराव त्या दिवशी कमी सुखाचा असतो, पण परीक्षेत कामाला येतो.

एका चिठ्ठीतून तिन्ही पेपर

विषय मिसळायचे म्हणजे नक्की काय करायचं? डॉक्टरांची एक चिठ्ठी समोर ठेवा. आपल्या भागात वारंवार दिसणारी घ्या, क्षयरोगाची. नव्या रुग्णाला पहिले दोन महिने चार औषधं असतात : आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल. पुढचे चार महिने पायराझिनामाइड सोडून उरलेली तीन.

आता पहिला पेपर विचारा. रिफॅम्पिसिन जंतूच्या आरएनए पॉलिमरेजला अडवतं. आयसोनियाझिड जंतूच्या भिंतीतल्या मायकोलिक आम्लाची निर्मिती थांबवतं. आयसोनियाझिडमुळे हातापायांना मुंग्या येऊ शकतात, म्हणून जोडीला पायरिडॉक्सिन, म्हणजे जीवनसत्त्व बी-६ देतात. इथॅम्ब्युटॉलने नजरेवर, विशेषतः लाल-हिरवा रंग ओळखण्यावर परिणाम होऊ शकतो. पायराझिनामाइडने रक्तातलं युरिक आम्ल वाढतं. रिफॅम्पिसिनने लघवी नारिंगी-लाल होते. ही गोष्ट रुग्णाला आधी सांगितली नाही तर तो घाबरून गोळ्या बंद करतो.

दुसरा पेपर इथूनच सुरू होतो. यकृतावर ताण आला हे कोणत्या तपासण्यांत दिसेल? एसजीपीटी आणि बिलिरुबिन. रिफॅम्पिसिन यकृतातली एन्झाइम्स वाढवतं, त्यामुळे गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होतो. हे सांगणं कोणाचं काम? औषध देणाऱ्याचं. ही क्लिनिकल फार्मसी.

तिसरा पेपर त्याच चिठ्ठीच्या मागच्या बाजूला आहे. ही चारही औषधं शेड्यूल एच-१ मध्ये आहेत. २०१३ मध्ये अधिसूचित झालेलं आणि १ मार्च २०१४ पासून लागू झालेलं हे परिशिष्ट सुरुवातीला ४६ औषधांचं होतं. त्यात क्षयाची औषधं, सेफिक्झिम-मेरोपेनेमसारखी प्रतिजैविकं आणि अल्प्राझोलाम, ट्रॅमाडॉलसारखी सवय लावणारी औषधं आहेत. ही देताना वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टरांचं नाव व पत्ता, रुग्णाचं नाव, औषधाचं नाव आणि दिलेलं प्रमाण लिहावं लागतं आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपावं लागतं. शेड्यूल एक्सच्या औषधांची चिठ्ठी दोन प्रतींत हवी आणि त्यातली एक प्रत दुकानात दोन वर्षं ठेवायची. तीन वर्षं कशाला आणि दोन वर्षं कशाला, हा गोंधळ नुसत्या पाठांतराने सुटत नाही. एच-१चं रजिस्टर आणि एक्सची चिठ्ठी असं डोळ्यांसमोर आणलं की सुटतो.

आठवड्याला अशा दोन चिठ्ठ्या घ्या. कधी मधुमेहाची, कधी बाळाच्या जुलाबाची, कधी सिकलसेलची. देशाच्या पश्चिम पट्ट्यातल्या आदिवासी समाजांत सिकलसेल ठळकपणे आढळतो आणि त्यात हायड्रॉक्सियुरिया दिलं जातं. मग प्रश्न येतात : या रुग्णाच्या रक्तपेशींची मोजणी वेळोवेळी का करावी लागते? व्हायव्हॅक्स मलेरियाच्या रुग्णाला प्रायमाक्विन देताना जी-६-पीडी या एन्झाइमची कमतरता का विचारात घ्यायची? पुस्तकात हे तीन वेगवेगळ्या धड्यांत आहे. खानवेलच्या काउंटरवर ते एकाच कुटुंबात समोर येऊ शकतं.

हिशेबाला सूट नाही

डोसच्या गणिताला घाबरणारे बरेच असतात आणि ‘तेवढे प्रश्न सोडून देऊ’ असा विचार करतात. तो सोडून द्यावा, कारण हे गणित पाचवी-सहावीच्या त्रैराशिकापलीकडे फारसं जात नाही. चूक होते ती घाईत.

उदाहरण घ्या. बारा किलो वजनाच्या मुलाला ताप आहे. पॅरासिटामॉल एका वेळी दर किलोला १५ मिलिग्रॅम द्यायचं आहे. १२ गुणिले १५ म्हणजे १८० मिलिग्रॅम. आता बाटली बघा. पाच मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम असलेलं सिरप असेल तर १८० भागिले १२५ गुणिले ५, म्हणजे ७.२ मिलिलिटर. पाच मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम असेल तर ३.६ मिलिलिटर. आणि तान्ह्या बाळांचे ड्रॉप्स असतील, एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅमचे, तर फक्त १.८ मिलिलिटर.

आता चूक काय करू शकते ते बघा. आईला ‘सात मिलि द्या’ असं सांगितलं आणि घरात २५०ची बाटली असली, तर मुलाला जवळजवळ दुप्पट औषध गेलं. ड्रॉप्सची बाटली असली तर जवळजवळ चौपट. औषध तेच, आजार तोच, फक्त लेबलवरचा एक आकडा वेगळा. पॅरासिटामॉलचा अतिरेक यकृताला इजा करतो आणि पहिल्या काही तासांत बाळ बरं दिसत असतं. म्हणून प्रश्नपत्रिकेतला हा एक गुण म्हणजे परीक्षकाचा हट्ट नव्हे.

हिशेबाच्या प्रत्येक प्रश्नात तीन पायऱ्या लिहायची सवय लावा : किती मिलिग्रॅम हवेत, बाटलीत दर मिलिलिटरला किती आहेत, म्हणून किती मिलिलिटर. शेवटी स्वतःला विचारा, हे उत्तर पटण्यासारखं आहे का? बारा किलोच्या मुलाला ७२ मिलिलिटर असं उत्तर आलं तर दशांश चिन्ह चुकलंय, हे लगेच कळलं पाहिजे. गुणोत्तरांचंही तसंच. १:१०००चं अॅड्रेनालिन म्हणजे १००० मिलिलिटरमध्ये १ ग्रॅम, म्हणजे दर मिलिलिटरला १ मिलिग्रॅम. १:१०,०००चं त्याचा दहावा हिस्सा. रोज असे पाच हिशेब, फक्त पाच, पण एक दिवसही न चुकवता.

भाड्याचं सर्टिफिकेट

नापास झाल्यावर घर चालवण्याचा प्रश्न असतो. सिल्वासात कारखान्यांत पॅकिंगला किंवा उत्पादनात काम मिळू शकतं. ते करण्यात कमीपणा नाही आणि ते औषधाच्या ज्ञानातच भर घालतं. बॅच नंबर, मुदत, लेबलिंगचे नियम तिथे रोज हाताखालून जातात. शिफ्ट सांभाळून अभ्यास करणाऱ्यांनी रात्रपाळीनंतर नवा धडा वाचू नये, जुन्याचं आठवून लिहिणं करावं. नव्या वाचनासाठी सुट्टीचा दिवस आणि डोकं ताजं असलेले तास ठेवावेत.

दुसरा मार्ग मोहाचा असतो. ओळखीच्या मेडिकलमध्ये कोणाच्या तरी भिंतीवर टांगलेल्या सर्टिफिकेटच्या जोरावर काउंटर सांभाळायचा. ज्याचं सर्टिफिकेट आहे तो दुकानात येत नाही, महिन्याला भाडं घेतो. हे आपल्याकडे अनेक ठिकाणी चालतं आणि ते पूर्णपणे चुकीचं आहे. फार्मसी कायदा १९४८ चं कलम ४२ स्पष्ट सांगतं की डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध तयार करणं आणि देणं हे नोंदणीकृत फार्मासिस्टचं काम आहे. औषध नियमावलीतही चिठ्ठीवरची औषधं त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच द्यावीत असं आहे. तुम्ही एखाद्या मेडिकलमध्ये काम करायचं ठरवलंत तर तिथे नोंदणीकृत फार्मासिस्ट खरोखर हजर असतो का, हे आधी बघा. असेल तर ती उत्तम शाळा आहे. त्याच्या हाताखाली चिठ्ठ्या वाचा, शंका विचारा.

आपल्या आजोबांच्या पिढीने दवाखान्यात कंपाउंडर पाहिले. बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवून मिश्रण देणाऱ्या त्या माणसांत अनेक कुशल होते, पण शिक्षणाची सक्ती नव्हती. भेसळयुक्त आणि निकृष्ट औषधांच्या तक्रारी वाढल्यावर १९३० मध्ये कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या अहवालानंतर १९४० चा औषध कायदा आणि १९४८ चा फार्मसी कायदा आला. याच काळात, १९३२ मध्ये, महादेवलाल श्रॉफ यांनी बनारस हिंदू विद्यापीठात फार्मसीचं शिक्षण सुरू केलं. आजची परीक्षा त्याच प्रयत्नांची पुढची पायरी आहे : औषध देणाऱ्याला औषध कळलं पाहिजे, याची खात्री समाजाने मागितली आहे.

बाहेरच्या देशांत

ही खात्री सगळीकडे मागितली जाते, अनेकदा आपल्यापेक्षा कडक. ब्रिटनमध्ये नोंदणीच्या परीक्षेला जास्तीत जास्त तीनदा बसता येतं. तिथे ४० प्रश्नांचा एक भाग फक्त हिशेबांचा असतो आणि तो स्वतंत्रपणे पार करावा लागतो. बाकीच्या भागात कितीही गुण मिळाले तरी हिशेबात कमी पडलं तर नापास. अमेरिकेत परदेशी पदवीधरांना परवान्याच्या परीक्षेआधी समकक्षतेची परीक्षा द्यावी लागते आणि २००३ नंतर पदवी घेतलेल्यांचा अभ्यासक्रम किमान पाच वर्षांचा असावा लागतो. त्यामुळे आपल्याकडचं चार वर्षांचं बी.फार्म तिथे पुरत नाही, सहा वर्षांचं फार्म.डी चालतं. परदेशी जाण्याचं मनात असलेल्या मराठी घरांनी हे बारावीनंतरच विचारात घ्यावं. ब्रिटनमधल्या तीन प्रयत्नांच्या मर्यादेच्या तुलनेत आपल्याकडे प्रयत्नांना बंधन नाही ही सवलत मोठी आहे. पण तिच्या भरवशावर अर्ध्या तयारीने बसत राहणाऱ्याला दर वेळी त्याच चुका भेटतात.

फॉर्म कधी भरायचा

घरच्यांनी एक समजून घ्यावं. ही परीक्षा नापास होणं म्हणजे दोन वर्षं वाया जाणं नव्हे. पदविका हातात आहे, ५०० तासांचं प्रात्यक्षिक प्रशिक्षण झालेलं आहे, त्यातले निदान अडीचशे तास चिठ्ठीवरची औषधं देण्यात गेलेले आहेत. पायवाट तयार आहे. ‘अजून किती वेळ?’ या प्रश्नापेक्षा ‘आज कोणत्या चुका सापडल्या?’ हा प्रश्न मुलाला जास्त बळ देतो. त्याला शांत दोन तास आणि चुका तपासायला सोबत मिळाली, तर कोचिंग क्लासच्या फीपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

तयारी झाली हे ओळखायचं मापही हवं, नाहीतर फॉर्म भीतीने पुढे ढकलला जातो किंवा उत्साहात आधीच भरला जातो. माप असं ठेवा : वहीत न उतरवलेल्या, पहिल्यांदाच पाहिलेल्या प्रश्नांचा पूर्ण संच, तिन्ही पेपर, घड्याळ लावून, एकाच आठवड्यात. तिन्हीत ६० टक्क्यांच्या वर. पुढच्या आठवड्यात नव्या प्रश्नांवर पुन्हा तेच. साठ एवढ्यासाठी की परीक्षेच्या खोलीतली घालमेल, अनोळखी केंद्र आणि आदल्या दिवशीचा प्रवास काही गुण खातात, आणि सीमारेषेवर पास होण्याची आशा धरणं म्हणजे पुन्हा तिन्ही पेपर देण्याची तयारी ठेवणं. एका पेपरात ६० आणि दुसऱ्यात ५२ आले तर फॉर्म थांबवा आणि त्या ५२च्या पेपरवर चार आठवडे द्या. दोन्ही आठवड्यांत साठ ओलांडले तर मागे वळून बघू नका, फॉर्म भरा. उत्तीर्ण झाल्यावर नोंदणी व व्यवसायासाठीचं पात्रता प्रमाणपत्र मिळतं आणि ते घेऊन राज्याच्या फार्मसी परिषदेकडे नोंदणीचा अर्ज करायचा. चुकांची वही मात्र नोकरीतही सोबत ठेवा, कारण काउंटरवर येणारी पहिली चिठ्ठी प्रश्नसंचातली नसेल.